आधी पडवी, मग दवाखाना

दाटीच्या वस्तीतल्या एखाद्या दवाखान्यात सकाळी साडेनऊला जाऊन उभं राहावं. केसपेपरच्या खिडकीसमोर रांग लागलेली असते. तापानं मलूल झालेलं मूल कडेवर घेतलेली बाई, तिच्या मागे रुमालात खोकणारे आजोबा, त्यांच्या मागे सातवा महिना लागलेली एक पोरसवदा मुलगी. खिडकीला लागून बोळासारखी एक खोली, तीत तीन बाकं आणि तीस माणसं. खिडकी एकच आणि तीही बंद, कारण बाहेर नाला वाहतो. डॉक्टर प्रत्येकाला चार-पाच मिनिटं देतात, पण त्या चार-पाच मिनिटांसाठी माणूस तास-दोन तास दवाखान्यात असतो. हा सगळा वेळ जातो त्या बोळात, आणि इमारतीचा नकाशा काढताना सगळ्यात कमी डोकं चाललेलं असतं तेही त्या बोळावरच.

आरोग्यसेवा जिथे नीट पोचलेली नाही अशा वस्तीसाठी केंद्र उभारायचं असेल, तर आखणी डॉक्टरांच्या खोलीपासून सुरू करू नये, लोक जिथे थांबणार तिथून करावी, असं माझं ठाम मत आहे. आपल्या जुन्या घरांत अशी जागा होतीच. वर उतरतं छप्पर, बाजूंनी मोकळी हवा, आल्यागेल्याला टेकायला ओटा. तिला आपण पडवी म्हणायचो. ती नुसती सोय म्हणून मी मागत नाही. दवाखान्याच्या पडवीवर माणसांचे जीव अवलंबून असतात.

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतात तुगेला फेरी नावाचं खेडं आहे. तिथल्या रुग्णालयात २००५-०६ च्या सुमारास ५३ रुग्णांना असा क्षय झालेला आढळला, ज्यावर त्या वेळची बहुतेक औषधं चालत नव्हती. त्यांतले ५२ दगावले. औषधाला दाद न देणारा क्षय साधारणपणे अर्धवट सोडलेल्या उपचारांतून तयार होतो, असं आपण ऐकलेलं असतं. पण या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी आधी क्षयाची एक गोळीही घेतली नव्हती. याचा अर्थ त्यांच्या अंगात तो तयार झाला नव्हता, दुसऱ्या कुणाकडून तयार अवस्थेतच आला होता. आणि एकूण रुग्णांपैकी दोन तृतीयांश जण त्याआधी अलीकडेच कुठल्या ना कुठल्या कारणानं रुग्णालयात राहून गेले होते. बरं व्हायला गेलेल्या माणसांना तिथल्या हवेतूनच हा आजार लागला असावा, याकडे सगळी चिन्हं बोट दाखवत होती.

क्षयाचा जंतू हवेतून कसा जातो, ते नीट समजून घेतलं पाहिजे. रुग्ण खोकला की तुषार उडतात. त्यांतले मोठे थेंब जमिनीवर पडतात, पण अगदी बारीक असतात ते सुकून हलके होतात आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. खोकणारा माणूस निघून गेला तरी ते तिथेच असतात. शिवाय दवाखान्यात सगळ्यात धोक्याचा रुग्ण तो, ज्याला क्षय आहे हे अजून कुणालाच कळलेलं नाही. ज्याचं निदान झालं आणि औषध लागू पडलं, त्याच्यापासूनचा संसर्ग लवकर कमी होत जातो. निदान व्हायच्या आधी तो माणूस सर्दी-खोकल्याचा म्हणून सगळ्यांबरोबर बाकावर बसलेला असतो, शेजारी ते तापलेलं मूल आणि सातव्या महिन्याची ती मुलगी.

म्हणून हवा बदलणं हाच उपाय. खोलीतल्या एकूण हवेइतकी ताजी हवा तासाभरात किती वेळा आत येते, यावर हिशेब चालतो. तासाला दोनदा हवा बदलत असेल, तर तरंगणारे ९९ टक्के कण निघून जायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. बारा वेळा बदलत असेल, तर तेच काम २३ मिनिटांत होतं. पेरू देशाची राजधानी लिमा इथे संशोधकांनी आठ रुग्णालयांतल्या ७० खोल्यांमध्ये कार्बन डायऑक्साइड सोडला आणि तो किती वेगानं निघून जातो ते मोजलं. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्रानं हवा खेळवणाऱ्या खोल्यांमध्ये तासाला बारा वेळा हवा बदलण्याचं मान धरलेलं होतं. साध्या खोल्यांची दारं-खिडक्या उघडल्यावर तिथे मधला आकडा २८ निघाला. त्यातही १९५० च्या आधी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारतींमध्ये तो ४० होता, तर नव्या बांधणीच्या इमारतींमध्ये १७. आजोबांच्या काळातल्या इमारतीनं नव्या इमारतीला दुपटीहून अधिक मागे टाकलं.

हे वाचून मला आपल्याकडच्या नव्या दवाखान्यांची आठवण येते. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या, ज्यांचा अर्धा भाग कायम बंदच राहतो. खाली आणलेलं खोटं छत. भिंतीवर स्प्लिट एसी. हा एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची हवा आत घेत नाही. त्यामुळे एसी लावून दारं-खिडक्या बंद केलेली प्रतीक्षा-खोली दिसायला चकचकीत असली, तरी क्षयाच्या दृष्टीनं जुन्या धर्मशाळेच्या ओसरीपेक्षा वाईट ठरते. बंद खोलीतला पंखाही हवा नुसती ढवळतो.

रवांडाच्या उत्तरेला डोंगराळ भागात बुटारो इथे २०११ मध्ये एक रुग्णालय सुरू झालं. तिथल्या आरोग्य मंत्रालयासोबत 'पार्टनर्स इन हेल्थ' ही संस्था आणि 'मास डिझाइन ग्रुप' हे तरुण वास्तुविशारद होते. रुग्णालयाच्या आतून जाणारे बोळ त्यांनी काढूनच टाकले. एका वॉर्डातून दुसऱ्या वॉर्डात जायचं, थांबायचं, ते सगळं बाहेरच्या छपराखालच्या मोकळ्या वाटेनं. छत उंच, खाली आणि वर खिडक्या, वर संथ फिरणारे मोठे पंखे. वॉर्डाच्या मधोमध बुटकी भिंत घालून खाटांच्या उशा तिला लावल्या, त्यामुळे पडलेल्या माणसाला समोरच्या रुग्णाऐवजी खिडकीबाहेरचा डोंगर दिसतो. भिंतींना तिथल्याच ज्वालामुखीचा काळा दगड, आणि तो घडवणारे गवंडीही आसपासच्या गावांतले. आपल्या ओळखीच्या भाषेत सांगायचं, तर बुटारोचं रुग्णालय म्हणजे चहूबाजूंनी पडवी असलेला वाडा आहे.

आपल्याकडे ही कल्पना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. कोकणात आणि मुंबईत पाऊस तिरका येतो. छपराचा पुढे आलेला भाग आखूड असेल तर झोडपा आत येतो, आणि एकदा बाक भिजलं की कुणीतरी प्लॅस्टिकचा कागद बांधून पडवीची पुन्हा बंद खोली करून टाकतं. म्हणून पागोळ्या माणसांपासून चांगल्या दूर पडतील इतकं छप्पर पुढे काढावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यात प्रश्न पत्र्याचा. मे महिन्यात उघड्या पत्र्याखाली दहा मिनिटं बसवत नाही. तिथे पत्र्याखाली दुसरा थर आणि दोन्हींच्या मध्ये वाहती हवा ठेवावी, निदान पत्र्यावर पांढरा चुना तरी मारावा. डासांसाठी जाळी हवीच, पण जाळी वारा अडवते, म्हणून ती लावायची तर खिडकी आणखी मोठी घ्यावी. भिंतीच्या माथ्याशी झरोके ठेवावेत. गरम हवा वर जाते आणि तिथून आपसूक बाहेर पडते. विजेचं बिल येत नाही, दुरुस्तीची निविदा काढावी लागत नाही. थुंकीचा नमुना घ्यायची जागा तर उघड्यावरच हवी, सावलीत, पण रांगेपासून लांब. पुष्कळ ठिकाणी ती संडासाच्या बोळात असते, आणि ही सगळ्यात चुकीची जागा आहे.

हवेसाठी झालं एवढं. पण थांबण्याची जागा माणसाला आणखीही काही सांगत असते, आणि ते लंडनमधल्या एका इमारतीनं फार पूर्वी ओळखलं होतं. त्या कथेतला महत्त्वाचा माणूस आपल्याकडचा आहे. डॉ. चुनीलाल कटियाल मूळचे पंजाबचे. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी आणि चार्ली चॅप्लिन यांची भेट झाली ती लंडनच्या कॅनिंग टाउन भागातल्या यांच्याच घरी. पुढे ते फिन्सबरी या गरीब, दाटीच्या भागात डॉक्टरी करू लागले, तिथल्या नगरपरिषदेवर निवडून आले आणि सार्वजनिक आरोग्य समितीचे अध्यक्ष झाले. फिन्सबरीत तेव्हा घरं ओली, अंधारी, खोलीखोलीत कुटुंबं. क्षय, मुडदूस, उवा-ढेकूण घरोघरी. आणि उपचार विखुरलेले, एक इथे तर दुसरा तिथे. कटियाल यांनी हे सगळं एका छपराखाली आणायचं ठरवलं आणि काम दिलं बर्थोल्ड लुबेटकिन या वास्तुविशारदाला आणि त्याच्या 'टेक्टॉन' या गटाला.

१९३८ मध्ये फिन्सबरी आरोग्य केंद्र उघडलं. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा त्यानंतर दहा वर्षांनी आली. क्षयाचा दवाखाना, दातांचा, पायांचा, बायकांचा, मुलांसाठी कृत्रिम ऊन देणारी खोली, व्याख्यानाचं दालन, एवढंच काय, घराला ढेकणांसाठी धुरी देताना त्या कुटुंबानं रात्रभर राहावं कुठे, तर त्यासाठीही खोल्या. दोन्ही बाजूंचे भाग कवेत घेणाऱ्या हातांसारखे पुढे आलेले आणि मधोमध प्रवेश. आत शिरलं की काचेच्या विटांची वळणदार भिंत. रस्त्यावरच्या धुरकट घरांतून आलेला माणूस एकदम उजेडात यायचा. लुबेटकिनला तिथे सरकारी कचेरीसारख्या बाकांच्या सरळ रांगा नको होत्या. येणाऱ्याला आपण क्लबात आलो आहोत असं वाटावं, आजारी नसतानाही त्यानं डोकवावं, ही त्याची इच्छा. भिंतींवर गॉर्डन कलन यानं मोकळ्या हवेचं, उन्हाचं महत्त्व सांगणारी चित्रं काढली. सामान्य माणसासाठी कितीही चांगलं केलं तरी ते जास्त होत नाही, असं लुबेटकिन मानायचा, आणि या इमारतीत ते दिसतं.

त्यानं आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. आतल्या पुष्कळशा भिंतींवर छताचा भार ठेवला नाही. पाण्याचे नळ, विजेच्या तारा सहज उघडता येतील अशा बेतानं बाहेरच्या बाजूनं नेल्या. उद्या वैद्यकशास्त्र बदलेल, आज क्षयासाठी लागणारी खोली उद्या दुसऱ्या कशासाठी लागेल, तेव्हा पाडापाडी करावी लागू नये म्हणून. आपल्या किती दवाखान्यांत लसींच्या फ्रीजसाठी नंतर भिंत फोडलेली दिसते! दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, एब्रम गेम्स यानं एका भित्तिपत्रकावर हे केंद्र रंगवलं. मागे पडकं घर आणि मुडदूस झालेला मुलगा, पुढे ही उजळ इमारत. आपण कशासाठी लढतो आहोत, हे सैनिकांना सांगणारं ते चित्र होतं. चर्चिल यांना ते रुचलं नाही आणि ते मागे घेतलं गेलं. कटियाल १९३८ मध्येच फिन्सबरीचे महापौर झाले, आणि स्वातंत्र्यानंतर भारतात येऊन कर्मचारी राज्य विमा महामंडळाचे महासंचालक झाले. आपले गिरणी-कारखान्यांतले कामगार ज्याला 'ईएसआय' म्हणतात, तेच हे महामंडळ. फिन्सबरीचा धागा असा थेट आपल्या घरापर्यंत येतो.

तरीही लुबेटकिननं लोकांसाठी बांधलं ते स्वतःच्या समजुतीनं. लोकांना आधी विचारून बांधलेला दवाखाना बघायचा, तर गडचिरोलीला जावं लागेल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. रुग्णालयाची गरज असूनही आदिवासी रुग्णालयात यायला का घाबरतात, हे त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं अशी आली की कुठल्याही वास्तुशास्त्राच्या पुस्तकात सापडणार नाहीत. एवढ्या मोठ्या इमारतीत आम्ही हरवून जातो. डॉक्टर आणि नर्सबाई पांढरे कपडे घालतात, आम्ही पांढऱ्या कपड्यात मढं गुंडाळतो. आणि आमच्या माणसाला एकट्याला ठेवून घेतात, नातेवाइकांना बाहेर काढतात. मग रुग्णालयच पाड्यासारखं झालं. रुग्णांसाठी झोपड्या, आणि त्यांत रुग्णासोबत घरच्यांनी राहायचं, चूल मांडायची. रुग्णालयाला नाव त्या भागातल्या देवीचं, माँ दंतेश्वरी. १९९३ पासून 'शोधग्राम' या परिसरात ते उभं आहे. यात कुठेही महागडं साहित्य नाही, अवघड तंत्र नाही. आधी विचारलं आणि जे उत्तर आलं ते खरं मानलं, एवढंच.

शहरातल्या वस्तीत विचारलं तर उत्तरं वेगळी येतील, आणि माझ्या अंदाजानं पहिलं उत्तर दाराबद्दल असेल. इथे पडवी पुरत नाही. वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. औषधाच्या खिडकीवर 'क्षयरोग विभाग' अशी ठसठशीत पाटी असेल, तर तिथे उभं राहणं म्हणजे सगळ्या गल्लीला सांगणं. लग्नाच्या मुलीची आई तिथे उभी राहणार नाही, ती खासगीत जाईल आणि पैसे संपले की औषध सोडेल. बायकांचं त्याहून अवघड. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. तपासलेल्या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधीही तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ टक्के. इतकं दुखणं इतकी वर्षं अंगावर काढण्यामागे लाज हे मोठं कारण असतं. तिथे पडदा लावून भागत नाही. छतापर्यंत भिंत, आतून कडी लागणारं दार आणि बाहेर आवाज न जाणारी खोली लागते. तपासणीच्या खोलीला लागूनच संडास हवा, नाहीतर लघवीचा नमुना हातात घेऊन बाईला सगळ्या रांगेपुढून चालत जावं लागतं. खिडक्यांवर आजारांची नावं लिहूच नयेत. आकडे किंवा रंग पुरतात.

थांबायला मोकळं, बोलायला बंद. ही दोन्ही टोकं एका छोट्या जागेत बसवणं हीच खरी कारागिरी.

जागा कुठली घ्यायची, यावर मी फार लिहीत नाही, कारण वस्तीत बहुतेक वेळा निवड नसतेच, नाल्याकाठचा उरलेला तुकडा मिळतो. पण निवड असेल तर बायकांची रोजची वाट बघावी. अंगणवाडी, रेशनचं दुकान, पाण्याचा नळ यांच्या वाटेवरचा दवाखाना वापरला जातो. मोठा रस्ता ओलांडून पलीकडे बांधलेला रिकामा राहतो. केंद्र तळमजल्यावर हवं. गुडघे धरलेल्या म्हातारीला जिना दाखवून उपयोग नाही. आणि सुरुवातीला इमारत नसली तरी अडत नाही. बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंट वसाहतीत १९६५ मध्ये अमेरिकेतल्या या धर्तीच्या पहिल्या काही केंद्रांपैकी एक सुरू झालं ते वसाहतीतल्याच राहत्या घरांच्या खोल्या बदलून. तिथल्या लोकांना त्याआधी शहराच्या रुग्णालयात जायला बस बदलत जावं लागायचं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं ते गुरांच्या जुन्या दवाखान्यात.

वेळ हाही आखणीचाच भाग आहे. नाक्यावर उभा राहणारा मजूर सकाळी दवाखान्यात आला तर त्याची दिवसभराची मजुरी बुडते. घरकाम करणाऱ्या बाईला दुपारी थोडी उसंत असते. २०१३ च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानं हे ओळखून शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रांसाठी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ सुचवली होती. मुंबईत २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेतही रात्री दहापर्यंतची वेळ ठेवली आहे. संध्याकाळची वेळ ठेवायची तर पडवीत चांगला दिवा लागतो, बाहेरच्या गल्लीत उजेड लागतो, आणि रात्री परतणाऱ्या सिस्टरसाठी सुरक्षित वाट लागते. नकाशावर हे दाखवायचं राहून जातं.

एक शेवटची खोली राहिली. कोलंबिया पॉइंट सुरू करणारे डॉ. जॅक गायगर पुढे मिसिसिपीतल्या माउंड बायू इथे गेले. तिथली काळी मुलं उपासमारीनं आजारी होती. त्यांच्या केंद्रातले डॉक्टर चिठ्ठीवर दूध, भाज्या, मांस लिहून द्यायचे, आणि वाण्याचं बिल औषधाच्या खर्चातून भागवलं जायचं. यावर वरून आक्षेप आला तेव्हा त्यांनी सांगितलं की कुपोषणावर वैद्यकशास्त्रात अन्न हेच औषध आहे. केंद्रानं विहिरी खोदल्या, संडास बांधले, लोकांची सहकारी शेती उभी राहिली. जामखेडमध्ये गावातल्या न शिकलेल्या बायका आरोग्याचं काम करू लागल्या. ही कामं गोळ्यांच्या खिडकीतून होत नाहीत. त्यांना बसायला जागा लागते. आपल्या केंद्रांत आशाताई रजिस्टर मांडीवर ठेवून जिन्यावर बसून लिहिताना दिसतात. त्यांना टेबल, कुलपाचं कपाट, पाणी आणि महिला मंडळाची बैठक भरेल एवढी खोली द्यायला हवी. दवाखाना बंद झाल्यावरही त्या खोलीचं आणि पडवीचं दार वेगळं उघडता आलं पाहिजे, म्हणजे संध्याकाळी तिथे बायका बसतील, पोरं अभ्यास करतील.

तुमच्या प्रभागात किंवा गावात नवं आरोग्य केंद्र मंजूर झालं असेल, तर भूमिपूजनाच्या आधी जाऊन त्याचा नकाशा मागा. तो तुमच्या पैशानं काढलेला आहे, आणि माहितीच्या अधिकारात तो तुम्हाला बघता येतो. लोक थांबणार ती जागा किती फूट बाय किती फूट आहे, तिला किती बाजूंनी वारा आहे, आणि पाऊस आला तर माणसं कुठे सरकणार, हे विचारा. ते नकाशात नसेल, तर पाया खणायच्या आधीच बदलायला सांगा.